‘डोळे’ नावाचं फोल्डर

मला किळस फार लवकर येते. चहावर साय धरली तरी मी कप बाजूला सारतो. असल्या माणसाने मेलेल्यांचे फोटो नीटनेटके करायचा धंदा का धरावा, असं तुम्ही म्हणाल. मी तो धरला नाही, माझ्या गळ्यात पडला.

कापूरहोळच्या फाट्यावर, भोरकडे वळणाऱ्या रस्त्याला माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे मी आणि माझी बायको नुजहत राहायचो, आणि अंगणात एक लिंबाचं झाड होतं. दोन हजार तीन साली मी कॉम्प्युटर घेतला आणि पुण्याच्या एका मित्राने सीडीवरून फोटोचा प्रोग्रॅम टाकून दिला. पहिले काही महिने नवरदेवांचे मुरूम पुसण्यात गेले. मग एका सकाळी सारोळ्याचा कुंडलिक आला. चार दिवसांपूर्वी त्याची आई सखूबाई गेली होती. म्हातारीने जन्मात कधी फोटो काढून घेतला नव्हता. मयत भिंतीला टेकवून बसवलेलं असताना पुण्याच्या पुतण्याने कॅमेऱ्यात जो घेतला, तेवढाच.

“दहाव्याला फोटो पायजे, शाकिरभाई,” कुंडलिक म्हणाला. “तेवढं डोळं उघडं करा. आई आमच्याकडं बघतीया असं वाटाय पायजे.”

फोटो पडद्यावर चारशे टक्के मोठा केला. नाकपुड्यांत कापसाचे बोळे, त्यांच्या कडेने पिवळट ओल. पापण्यांच्या फटीत काहीतरी चिकट वाळलेलं. खालच्या ओठावर एक माशी, तिचे पायसुद्धा मोजता येत होते. एकीकडची कातडी उचलून दुसरीकडे चिकटवत मी कापूस झाकला, माशी पुसली, आणि दर क्लिकनंतर बोटं पँटला पुसत राहिलो. जणू ती ओल माऊसमधून हाताला लागत होती.

आता डोळे आणायचे कुठून? आमच्याकडची जुनी माणसं कॅमेऱ्यात बघतच नाहीत. जमिनीकडे बघतात, नाहीतर फोटोवाल्याच्या कानाकडे. थेट समोर बघणारे, चांगल्या उजेडातले डोळे माझ्याकडे एकाच फोटोत होते. नुजहतच्या पासपोर्ट साइजच्या. मी ते कापून घेतले, जरा पिवळे केले, कडेला सुरकुत्या जोडल्या आणि सखूबाईच्या चेहऱ्यावर बसवले. लॅमिनेशन करून, काच लावून फोटो दिला तेव्हा कुंडलिक ढसाढसा रडला. आई अश्शीच बघायची, म्हणाला.

मग काय, नाव झालं. दीड वर्षात अकरा मेलेले माझ्या हाताखालून गेले. बाई असो की बाप्या, डोळे तेच. नव्याने शोधायचा कंटाळा. त्यांचं मी एक फोल्डरच करून ठेवलं होतं, नाव ‘डोळे’. गावाकडे राहणाऱ्या माझ्या आईला तेवढं ते काम खटकायचं. माणूस गेला की आपण हाताने त्याच्या पापण्या मिटतो, त्या तू उघडतोस, म्हणायची. मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. डोळे कुणाचे आहेत ते तिला सांगितलं नाही, आणि नुजहतलाही नाही.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळा सरला आणि नुजहतचे डोळे चिकटायला लागले. सकाळी पापण्या सुटत नसत. भोरच्या डॉक्टरांनी थेंब दिले, मग मलम दिलं, पण घाण वाढतच गेली. त्या घाणीला वास होता, निर्माल्य पिशवीत बांधून विसरावं तसा. सांगायला लाज वाटते, पण मी तिच्या ताटात जेवणं सोडलं. तिला ते कळत होतं. ती तोंड फिरवून जेवायला बसायची.

एका दुपारी मी नाक दाबून तिचा डोळा पुसत होतो. पापणीखालून बोळ्याला काहीतरी केशरी लागलं. झेंडूची पाकळी होती, काळी पडलेली, बुळबुळीत. आमच्या घरात झेंडू कधी येत नाही.

“सांगू का...” ती हळूच म्हणाली. “डोळं मिटलं की मला एक घर दिसतं. वरनं. जसं काय म्या भितीवर हाय.”

“कुठलं घर?”

“ठाव न्हाई. दारात निळं पिंप हाय. पाठीवर मोठाल्या पिशव्या घिऊन पोरं येत्यात, च्या पित्यात. समोर एक म्हातारा डब्यात थुकतो, मग त्यातच बोट घालून बघत बसतो. उदबत्तीचा धूर सरळ डोळ्यात येतो. आन पाल... काचंवरनं पोट घासत जाती. माझ्या डोळ्यावरनं.”

घर मी ओळखलं. ते पाली गावातलं, राजगडाच्या पायथ्याचं. घरचे लोक ट्रेकरना चहा देतात. तिथल्या मयत चिमाजींचा फोटो मीच खिळा ठोकून भिंतीला लावला होता. नुजहतने पाली गाव कधी पाहिलं नव्हतं.

“एवढं एकच घर दिसतं?”

“अकरा,” ती म्हणाली.

त्याच दिवशी मी माझा स्वतःचा फोटो काढला. ‘डोळे’ फोल्डर पुसून टाकलं आणि अकराही फोटोंना माझे डोळे लावले. मग मोटारसायकलवर घरोघर फिरलो. जुन्याचा रंग उडणार आहे, नवा घ्या, म्हणायचं आणि जुना काढून आणायचा. फ्रेमच्या मागे पालीची अंडी, कोळ्याची जाळी, कुजलेल्या हारांचा चिकटा. पहिला फोटो भीत भीत चुलीत घातला. नुजहतला काही झालं नाही, उलट पाली गावातलं घर तिला दिसायचं थांबलं. असं एकेक करत तिची दहा घरं कमी झाली. ती घरं आता डोळे मिटले की मला दिसू लागली.

अकरावा फोटो सखूबाईचा. सारोळ्याला गेलो तर भिंतीवर नुसता खिळा.

“नदीत सोडला, शाकिरभाई,” कुंडलिक खाली बघत म्हणाला. “बायकूला चुलीपाशी हुबं ऱ्हावंना. म्हणायची, सासूबाई बघत्यात. आईची राख पुलाखाली सोडलीती, तितंच सोडला.”

मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. नीरेच्या तळाशी गाळ, त्यात पत्रावळ्या, फडकी, फुटक्या तसबिरी, कुणाचे तरी केस. तासभर चाचपलं. फोटो मिळाला नाही. घरी येऊन तीनदा साबण लावला तरी नखांतला वास गेला नाही.

तरी नुजहत सुधारली. पापण्या सुटू लागल्या, घाण थांबली. मिटल्या डोळ्यांपुढे हिरवं पाणी दिसतं आणि गाळाचा वास येतो, एवढंच म्हणायची. होईल सवय, मी म्हणालो, आणि पुन्हा तिच्या ताटात जेवू लागलो. मला मात्र दहा घरं दिसत होती. कुणी बघत नाही असं समजून माणसं काय काय करतात, ते पाहून मला माणसांचीच शिसारी आली. पण तिचे डोळे राहणार असतील तर मी ते जन्मभर बघायला तयार होतो.

मार्चातली दुपार. नुजहत अंगणात उन्हाला बसली होती. मी पाणी घेऊन गेलो तर डोळे मिटूनच म्हणाली, “आज पाण्यात कुणीतरी मला उचललं.”

“कोण?”

“म्हातारी हाय. पाण्यातच बसलीया. नाकात कापूस... डोळं मिटल्यालं.”

सखूबाईचा तो पहिला फोटो मी तिला कधी दाखवला नव्हता.

“काय करतेय ती?”

“काचंवर हात फिरवतीया. चाचपतीया...”

मी स्टुडिओत पळालो. सखूबाईचा मूळ फोटो, हात न लावता ठेवलेला, उघडला. कापूस होता, पिवळी ओल होती. ओठावरची माशी नव्हती. आणि डोळे उघडे होते, स्वच्छ, थेट समोर बघणारे. मग मी नुजहतचा पासपोर्ट साइजचा फोटो उघडला. त्यात पापण्या मिटलेल्या होत्या, फटीत काहीतरी चिकट वाळलेलं होतं. दोन्ही फाइलींवर तारीख जुनीच होती.

“अहो...” अंगणातून तिची हाक आली. “एकदम अंधारलं. पाऊस येतोया का?”

दुपारचा एक वाजला होता. खिडकीतून ती मला दिसत होती, लख्ख उन्हात, तोंड वर करून बसलेली. तिच्या खालच्या ओठावर एक माशी होती, आणि ती तिला हाकलत नव्हती.