सुपारीला निघालेली मोटार

श्रीगोंद्याहून निघालेली आप्पासाहेबांची मोटार उसाच्या रानात दोन आचके देऊन बंद पडली, आणि मागच्या सीटवर नटूनथटून बसलेल्या साळूचा जीव भांड्यात पडला. श्रीरामपूरला आज तिची सुपारी फुटायची होती. नवरदेव तिनं पाहिलासुद्धा नव्हता. आप्पासाहेबमामाला पसंत होता, संपलं.

मागून कारखान्याचा ट्रॅक्टर आला. उडी मारून उतरला तो... गहिनीनाथ! दोन महिने हा त्यांच्याच रानातला ऊस नेत होता. तिनं पाण्याचा तांब्या पुढे करायचा, त्यानं पाणी प्यायचं सोडून तिच्याकडेच बघत राहायचं — एवढीच काय ती ओळख.

"बघ रं पोरा, काय झालं हिला," म्हणत आप्पासाहेब दुसरी गाडी शोधायला घाईघाईनं फाट्याकडे निघाले.

गहिनीनाथनं बॉनेट उघडलं आणि ट्रॅक्टरच्या सवयीनं नळीतली हवा काढायला लागला.

"डिझेल न्हाई, पेट्रोलची हाय ही," साळू म्हणाली.

"व्हय की!" तो कानापर्यंत लाल झाला. "तुमी म्होरं असल्यावर... ध्यान कुठं ऱ्हातंय?"

"ध्यान गाडीत ठिवा."

"मग ठिणगी बघू. म्होरं बसा. म्हनलं की स्टार्टर वढा."

ती स्टिअरिंगपुढे बसली. त्यानं कॉईलची वायर उपटून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. "वढा!" इंजिन नुसतंच कण्हलं. ठिणगी नाही. पडूच नये रे देवा, साळू मनात म्हणाली.

"सुपारीला चाललाय जनू?" त्यानं वायरीकडेच बघत विचारलं.

"व्हय."

त्याचा हात थांबला. मग त्यानं डिस्ट्रीब्यूटरचं झाकण काढलं. आतले ठिणगी पाडणारे पॉइंट जळून काळे पडले होते. काडेपेटीची कड फाडून तो ते घासायला लागला. साळूला त्या घासण्याचा भयंकर राग आला. एवढं मन लावून करायला काय झालं होतं मेल्याला?

"लई घाई झालीया मला धाडायची?" तिनं विचारलं. "बिघाड घावला न्हाई म्हना की..."

"आन् मुद्दाम बिघाड ठिवला, तर मामाकडं तुमाला मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

मागायला! दोन महिने ती ह्याच शब्दासाठी झुरत होती, आणि बोलला कधी, तर आज!

"वढा," झाकण नि वायर परत बसवून तो म्हणाला.

इंजिन धडधडलं. आवाज ऐकून आप्पासाहेब धोतर सावरत पळत आले. "शाब्बास! साळे, मागं बस. गाठू मुहूर्त."

गहिनीनाथनं बॉनेट लावलं. तो नुसते हात पुसत राहिला. साळूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. मोटार गप्प झाली.

"आता काय झालं हिला?"

"काय न्हाई. म्या बंद केली." ती खाली उतरली. "मामा, मला ते स्थळ नगं. मला... हे पसंत हायती."

आप्पासाहेबांनी पोराला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. साळूला वाटलं, आता ह्याच्या कानाखाली वाजणार...

"कुनाचा रं तू?"

"घोगरगावच्या काकासाहेबांचा," तो कसाबसा म्हणाला. "आन्... मला बी साळू पसंत हाय."

"घर चांगलं हाय त्येंचं. सांग बापाला, आप्पासाहेब येतोय म्हनून. पन पैलं श्रीरामपूर. वाट बघत बसल्यात ती मानसं, त्येंची माफी मागाया पायजे." ते भाचीकडे वळले. "आन् तू बी चल. माझ्याम्होरं बोललीस, आता त्येंच्याम्होरं बोल."

साळू मागच्या सीटवर जाऊन बसली. आता तिला श्रीरामपूरला जायचं होतं.