सहा पावलं आतला गडगा

एफी टर्नबुल ओल्या गवतात गुडघे टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत होती. मागे घोडा थांबला.

"माझ्या शेतात काय हरवलंय तुमचं?"

"माझं नाही, गावाचं," ती मान न वळवता म्हणाली. "सहा पावलं."

घोड्यावरचा माणूस हसला, आणि तिने वर पाहिलं. निनियन एलियट! हार्ट्सह्यूचा तरुण जमीनदार, गेल्याच महिन्यात निवडून आलेला नगराध्यक्ष. भुरभुर पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते. एफीला उगीचच ते पुसावेसे वाटले... आणि स्वतःचाच राग आला.

"उतरा खाली. वरून दिसायचं नाही."

तो उतरला. तिने सरळ त्याचा हात धरून गवताखालच्या दगडावर ठेवला. थंडगार, शेवाळलेला दगड. त्याच्या पुढे दुसरा, मग तिसरा, अगदी एका ओळीत.

"हा जुन्या गडग्याचा पाया, माझ्या आजोबांनी रचलेला. गावाचं कुरण इथपर्यंत होतं. तीस वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांनी नवा गडगा सहा पावलं पुढे कुरणात घालायला लावला."

"आणि तो कोणी बांधला?"

"माझ्या बाबांनी. हुकूम होता. तेव्हापासून ते या वाटेनं येत नाहीत."

"हात सोडलात तर मी दगड नीट बघू शकेन," निनियन म्हणाला.

"मी कुठे धरलाय? तुम्हीच धरलाय!"

खरंच, त्यानेच धरला होता.

मग तो रोज येऊ लागला. कधी पाया मोजायला, कधी मोजलेलं पुन्हा मोजायला.

"सहाच पावलं आहेत," एफी म्हणायची. "कालही सहाच होती."

"माझी पावलं कमी-जास्त पडतात. तू जवळ असलीस की..."

"तिसऱ्या दिवशीच 'तू' म्हणायला लागलात?"

"मग तूही म्हण."

"नगराध्यक्षांना? बाबा घरात घ्यायचे नाहीत मला!"

दोन आठवड्यांनी त्याने लग्नाचं विचारलं. आडवळण नाही, गुडघ्यावर बसणं नाही.

"शुक्रवारी स्वारी आहे," ती म्हणाली.

गावाचा जुना रिवाज. जूनमध्ये सगळं गाव घोड्यांवरून कुरणाची हद्द फिरतं. हद्दीत कोणाची भिंत आली, तर पहिला दगड नगराध्यक्षाने उतरवायचा. तीस वर्षं मात्र गाव नव्या गडग्याशी येऊन मुकाट वळत होतं.

"म्हणजे गडगा पाडला तरच हो?"

"पाडलात म्हणून हो म्हणेन, असं नाही. पण नाही पाडलात तर... तुमच्या खिडकीतून मला ती सहा पावलं रोज दिसतील. मी नाही राहू शकणार तिथे."

"आई म्हणते, वडिलांची अब्रू जाईल."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

तो घोड्यावर बसला आणि गेला.

शुक्रवारी ऊन पडलं होतं. पुढे बँड आणि मागे दोनशे घोडे. एफी बाबांबरोबर गडग्यापाशी उभी होती. बाबा तीस वर्षांनी इथे आले होते, तिच्याच हट्टाने. सवयीने बँड वळला. निनियन वळला नाही.

तो उतरला. "हा गडगा गावाच्या जागेत आहे," तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या वडिलांनी घातला. मी काढतोय."

त्याने वाकून मधलाच एक दगड ओढला. दगड हलेना. पुन्हा ओढला. मागून हशा पिकला.

"अहो साहेब, वरून!" बाबांना राहवेना. "वरचे आडवे दगड आधी! गडगा कधी पोटातून काढतात का?"

आणि बाबा स्वतःच पुढे झाले. दोघांनी मिळून वरचा दगड उतरवला, मग दुसरा. बग्गीतून निनियनची आई हे सारं पाहत होती. तिचा चेहरा कडक होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "निनियन, हातमोजे घाल. बोटं फुटतील." एवढंच. पण बग्गी वळवायला तिने सांगितलं नाही.

घोडा जाईल एवढी वाट झाली. निनियन एफीसमोर आला. धुळीने माखलेला, बोटं खरचटलेली.

"आता सांग."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मी पाडला तो सगळ्यांसमोरच ना!"

एफीने पार मागच्या घोडेस्वाराकडे पाहिलं आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो!"

निनियन घोड्यावर चढला आणि त्याने हात पुढे केला. एफीने त्याच्या बुटावर पाय ठेवला आणि मागे बसली.

"स्वारीत बाई?" कोणीतरी कुरकुरलं. "असं कधी झालं नाही!"

"हद्द कुठे आहे ते तिलाच ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "जा ग पोरी, दाखव त्यांना."

एफीने निनियनच्या कमरेला हात घातला, आणि दोनशे घोडे तिच्या मागोमाग निघाले.