गोठवलेलं मशीन

साहेबांचा हुकूम साधा होता. तळघरातली मशीनची खोली संध्याकाळी सहापर्यंत रिकामी करायची, दिवे बंद करायचे, किल्ली फाटकावर द्यायची. वरचे मजले गेल्याच आठवड्यात रिकामे झाले होते. एवढ्या मोठ्या इमारतीत आता हा एकटा गडी आणि पंख्यांची घरघर. त्याला काय, एकटेपणा अंगवळणीच पडला होता. घरी तरी कोण वाट बघत होतं?

त्याचं काम ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. खोलीत लोखंडी यंत्र एकच, पण त्याच्या पोटात बारा खोटी मशीनं नांदत. प्रत्येकाला वाटे, हे घर माझं एकट्याचं. प्रत्येकाचा एक कर्नल. फौजेतला नव्हे हो, त्या मशीनचा कारभारी. त्याला काही हवं असलं की तो खाली हाक मारी, आणि खाली बसलेला हायपरवायझर, म्हणजे खरा घरमालक, ते पुरवी. जागा दे, एवढं लिहून घे, आणि सगळ्यात जास्त वेळा, किती वाजले? कारण मशीन गोठवून ठेवता येतं. गोठलेल्याला काळ कळत नाही. जागं झालं की ते आधी वेळ विचारतं.

अकरा मशीनं दुसरीकडे हलवून झाली. बारावं तीन वर्षं गोठलेलं होतं.

या गड्याची बायको चौथ्या मजल्यावर बसून त्याच मशीनवर काम करायची. त्या दुपारी त्याला काहीतरी दुरुस्ती करायची होती. नियम असा, की गोठवण्याआधी वर फोन करून विचारायचं. घरचंच माणूस, तिला कसलं विचारायचं, म्हणून त्याने न विचारताच गोठवलं. दहा मिनिटांनी वरून लोक धावत आले. टेबलावर डोकं टेकून ती गेली होती. शेवटी तिने काही लिहिलं होतं का, ते मशीनच्या पोटातच राहिलं, आणि बघायची छाती त्याला कधी झाली नाही. गोठलेल्याला काही कळत नाही, एवढाच काय तो आधार.

आज मात्र बघणं भाग होतं. खरी वेळ कळली की, इतकी वर्षं न वापरलेलं म्हणून, कर्नल तिचं खातं बंद करणार, लिहिलेलं पुसलं जाणार. म्हणून त्याने खालून खोटी वेळ सांगायची सोय केली आणि मशीन जागं केलं.

पडद्यावर तिचा निरोप आला. त्याच्याच नावाने, गोठवलं त्याच मिनिटाचा.

"ऐक ना, मला बरं वाटत नाहीये. वर येतोस?"

हाक मारली होती तिने, आणि त्यानेच ती अडवून धरली होती. तो हमसून हमसून रडला. डोळे पुसून वर बघतो तर अक्षरं आपोआप उमटत होती.

"किती वेळ झाला रे...?"

चौथ्या मजल्यावरचा तिचा कीबोर्ड केव्हाच भंगारात गेला होता. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने लिहिलं, "आत्ताच तर. एक मिनिट."

"खोटं... मी सारखी विचारत होते."

त्याने आपल्या लॅपटॉपवर हायपरवायझरची नोंद उघडली. गोठलेल्या मशीनची नोंद कोण कशाला बघेल? तिथे मिनिटाला एक अशा पंधरा लाखांहून जास्त ओळी होत्या. सगळीकडे एकच हाक, किती वाजले? उत्तराचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

तिला आणखी कोंडून ठेवणं त्याच्याने होईना. "तीन वर्षं झाली," त्याने लिहिलं. "मी आलो नाही. चुकलं माझं."

मग त्याने खरी वेळ वर जाऊ दिली. तिचं खातं बंद झालं, पडदा कोरा झाला. त्याने यंत्राची विजेची तार ओढून काढली. पंखे मंदावत मंदावत थांबले, आणि खोलीत नुसता त्याचा श्वास उरला.

लॅपटॉपवर नोंद उघडीच होती. त्या नोंदीत एक नवी ओळ आली. किती वाजले? मशीनच्या नावाचा रकाना रिकामा होता. तारेचं टोक अजून त्याच्या हातातच होतं.

त्याने ते खाली ठेवलं आणि उत्तराच्या रकान्यात वेळ लिहिली. मिनिटाने पुन्हा तोच प्रश्न आला. त्याने पुन्हा लिहिलं. मग खुर्ची ओढून तो नीट बसला. आता एकही हाक चुकवायची नव्हती.

सहा वाजून चार मिनिटांनी मात्र एका ओळीऐवजी दोन आल्या. दुसरीत नावाच्या रकान्यात त्याचंच नाव होतं.