वास सुटला की हाक मारा

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास वणीच्या बाजारात आरजूच्या दुकानापुढे ऑटो थांबला. त्यातून एक उंच, घामेजलेला माणूस उतरला. एका काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, दुसऱ्या हातात थर्माकोलचा डबा. डब्यातून पाणी ठिबकत होतं.

"नासिरभाई आहेत का?"

"अब्बा घरी असतात. दुकान मीच पाह्यते."

त्याने तिच्या खांद्यावरून आत नजर टाकली. नवी गिऱ्हाइकं सगळीच टाकायची. वडलांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून गेली तीन वर्षं आरजू मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करत होती, आणि लोकांची नजर आत जाऊन परत येईपर्यंत थांबायची तिला सवय झाली होती.

"ओव्हन आहे," नजर परत आल्यावर तो म्हणाला. "वरून तापतो. खालून तापत नाही."

"ठेवून जा. मंगळवारी या."

"मी येईन. पण सुरमई मंगळवारपर्यंत थांबायची नाही."

आरजूने तेव्हा डब्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

त्याचं नाव आसिम परकार. गाव हर्णैजवळचं. चार महिन्यांपूर्वी राजूरच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर म्हणून आला होता. भावाने मुंबईच्या ट्रॅव्हल्समधून बर्फात सुरमई आणि कोळंबी पाठवली. ती त्याने सकाळी यवतमाळला जाऊन उतरवून घेतली, आणि खोलीवर आल्यावर कळलं की बदली झालेल्या सहकाऱ्याने स्वस्तात गळ्यात मारलेला ओव्हन अर्धाच चालतो. खोलीवर गॅस नव्हता.

"शेजारी कोणी चूल देत नाई का?"

"देतात. पण सोबत वाटीभर गरम मसालाही देतात. सुरमईवर तो पडताना मला बघवत नाही."

"तुम्ही माझ्यासंगं मराठीत काहून बोलून राह्यले? नाव तर..."

"माझी उर्दू ऐकलीत तर ओव्हन हातात परत द्याल."

आरजूला हसू आलं. ते तिने स्क्रू काढता काढता खाली वाकून घालवलं.

खालचा रॉड गेला होता. तिने मीटर लावून खात्री केली, भंगारातल्या एका ओव्हनचा रॉड काढला, बसवला. तिच्या बोटांना घाई नव्हती. तो स्टुलावर बसून त्या बोटांकडे पाहत होता आणि पाहत नसल्यासारखं दाखवत होता. ते त्याला काही नीट जमत नव्हतं.

"अर्धा तास चालवून पाहावं लागते," ती म्हणाली.

"मग रिकामा कशाला चालवायचा?"

त्याच्या पिशवीत सगळंच होतं. ओव्हनच्या ट्रेमध्ये त्याने बटाट्याच्या चकत्या मांडल्या, वर कांदा, टोमॅटो, ठेचलेला लसूण, तेल, मीठ, तिखट. "बटाटा आळशी, त्याला वीस मिनिटं आधी पाठवायचं. मग त्याच्यावर सुरमई. शेवटच्या सहा मिनिटांत कोळंबी. आधी घातली तर रबर होते. झालं जेवण."

"इतकंच?"

"इतकंच. भांडंही एकच घासायचं." त्याने खिसे चाचपले. "लिंबू राहिलं. मी समोरच जातो. लसणीचा वास सुटला की हाक मारा."

"बरं," आरजू म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ही गोष्ट तिने चार वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला, त्यात वास गेला. ताप उतरला, वास आला नाही. आधी वाटलं, येईल. मग अब्बांची पाठ गेली आणि दुकानात बसायची वेळ आली. दुरुस्तीच्या धंद्यात जळणारी तार डोळ्यांच्या आधी नाकाला कळते, आणि जिला ती कळत नाही तिच्याकडे कोण मोटार टाकेल? अब्बांना समजलं असतं तर त्यांनी शटर ओढलं असतं आणि हिंगणघाटच्या स्थळाला होकार कळवला असता. त्या लोकांना मुलगी पसंत होती, दुकान नव्हतं. म्हणून आरजू कान देऊन ऐकायची, मोटारीला हाताची मागची बाजू लावून पाहायची. घरी अम्मीने, हजराबीने, ताट वाढलं की दोन घासांत म्हणायची, "मस्त झालं."

आताही घड्याळावर लक्ष ठेवायचं तिने ठरवलं होतं. पण एक बाई मिक्सर घेऊन आली, त्याचं पातं अडकलेलं, आणि घड्याळ राहून गेलं.

आसिम परत आला तो धावतच. त्याने ओव्हनचं दार उघडलं. लसणीचा कोळसा झाला होता, कडेचे बटाटे काळे. त्याने ट्रेकडे पाहिलं, मग ट्रेपासून दोन हात अंतरावर निवांत बसलेल्या आरजूकडे. काळं ते वेचून टाकलं, उरलेल्यावर सुरमई मांडली, नंतर कोळंबी.

दोघं दुकानातच जेवले. आरजूने दोन घास खाल्ले.

"मस्त झालं."

"जळकं झालंय," तो शांतपणे म्हणाला. "किती वर्षं झाली?"

"कायची?"

"वास जाऊन."

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला.

"चार. कोणाले सांगू नका."

"माझ्या ओळखीचं इथे आहे कोण?" त्याने तिच्या ताटात लिंबू पिळलं. "आंबट कळतं?"

"आंबट, खारट, तिखट... तेवढं कळते. बाकी ओला पुठ्ठा."

"तीन तर आहेत की," तो म्हणाला.

तिला राग यायला हवा होता. आला नाही.

पुढच्या रविवारी तो इस्त्री घेऊन आला.

"याच्यात काही बिघाड नाई."

"तरी बघून घ्या. मला शंका आहे."

"इस्त्रीची?"

"नाही... स्वतःची."

त्यानंतरच्या रविवारी टेबलफॅन आला, तोही ठणठणीत. मग त्याने वस्तू आणायचं सोडलं आणि नुसताच येऊ लागला. कधी वर्धा नदीचे झिंगे घेऊन, कधी रिकाम्या हाताने. आरजू काम करायची, तो बोलायचा; कधी उलटं. मार्चमध्ये तिच्या मनगटावर नवा चटका दिसला आणि तो पहिल्यांदा चिडला.

"अब्बांना सांगून टाका."

"अन् दुकान?"

"हात राहिले तर दुकान."

"तुमाले काय जाते?"

"माझा रविवार जातो," तो म्हणाला. "आठवडाभर मी त्याच्यावर काढतो."

आरजूने पक्कड खाली ठेवली, पुन्हा उचलली.

सांगायची वेळ तिच्यावर आलीच नाही. एप्रिलमध्ये नासिरभाई काठी टेकत दुकान पाहायला आले. टेबलावर कूलरची मोटार चालू होती, आरजू तिच्याकडे पाठ करून वायर सोलत होती. नासिरभाई पायरीवरच थबकले, मग काठी टाकून पुढे झाले आणि प्लग ओढला. मोटारीतून धुराची बारीक रेघ निघत होती. इतका उग्र वास की शेजारचा चप्पलवाला बाहेर आला. आणि आरजू हातभर अंतरावर उभी होती, विचारत होती, "काय झालं?"

चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला आणखी काही विचारावं लागलं नाही. ते स्टुलावर बसले. तेवढ्यात आसिम आला, रविवार होता. त्याच्याबद्दल, त्याच्या ओव्हनबद्दल नासिरभाईंनी चप्पलवाल्याकडून ऐकलं होतं.

नासिरभाईंनी दोघांचे चेहरे पाहिले. "तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"सांगायचं त्यांचं होतं," आसिम म्हणाला. "मी नुसतं मागे लागलो होतो."

नासिरभाईंनी शटर ओढायला लावलं. दोन दिवस दुकान बंद, घरात बोलणं बंद. आरजूने हिंगणघाटला जायची मनातल्या मनात तयारीही करून पाहिली. जमली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नासिरभाई पाठीला पट्टा बांधून दारात उभे राहिले, काखेत खुर्चीवरची उशी.

"चाल, बेटा. नाक माहं, हात तुहे."

दुकान उघडलं. आठवडाभराने त्यांनीच आसिमला जेवायला बोलावलं. म्हणजे, बोलावलं असं नाही. "तुमचा तो ओव्हन घेऊन या," म्हणाले.

संध्याकाळी हजराबीच्या स्वयंपाकघरात आसिमने ट्रे लावला. या वेळी बटाट्याच्या चकत्या एकमेकींना न चिकटता मांडल्या, खालून करकरीत होतील अशा. सुरमईला कोकमाचं आंबट आगळ आणि हिरवी मिरची. कोळंबी शेवटी, वर जाडं मीठ, कच्चा कांदा. हजराबीने मसाल्याचा डबा उघडला तेव्हा तो ओव्हनपुढे उभा राहिला, अदबीने, पण हलला नाही.

आरजूने पहिला घास घेतला. तिघं तिच्याकडे न पाहता पाहत होते.

ती 'मस्त झालं' म्हणाली नाही. तिने बटाट्याचा कडक काठ दाताखाली मोडला, थांबली, मग कोळंबी खाल्ली. डोळ्यांत मिरचीचं पाणी आलं.

"वास नाई," ती म्हणाली. "पण... आणखी वाढा."

हजराबीच्या हातातला चमचा तसाच राहिला. पोरीने चार वर्षांत दुसऱ्यांदा वाढून मागितलं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. ती उठली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली, जेवण झाल्यावर नासिरभाईंना पट्टा सैल करायचं निमित्त झालं, आणि आरजू नि आसिम अंगणातल्या नळावर राहिले, एकच ट्रे घासत.

"हिंगणघाटला काय कळवलंत?" आसिमने विचारलं.

"नाई म्हणून कळवायले लावलं."

"दुकानामुळे?"

"दुकानामुळे..." ती ट्रेच्या कोपऱ्याशी घासत राहिली. तो कोपरा कधीच स्वच्छ झाला होता. "अन् रविवारमुळे. तुमचा एकट्याचा नाई तो."

त्याने नळ बंद केला, पुन्हा सोडला. दोन-अडीच महिने रविवारी बोलत आलेला माणूस आता नळाशी खेळत होता, हे पाहून आरजूला बरं वाटलं.

"तुमच्या घरून कोणी विचारायले येईन," ती म्हणाली, "का मीच येऊ?"

आसिमने ओल्या हाताने तिथंच फोन लावला. पलीकडे त्याची आई. तिला ऐकू कमी येई, म्हणून स्पीकर लावावा लागला आणि सगळं अंगण ऐकू लागलं. पोरगी कोण, कुठली, हे सांगून झालं.

"काय करते?" आईने विचारलं.

"दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, सगळं करते."

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. हर्णैहून वणी फार लांब आहे, आणि त्या शांततेत ते अंतर आरजूला पहिल्यांदाच कळलं. तिने हातातला ट्रे छातीशी धरला.

"माझा मिक्सर दोन महिने बंद आहे," आई म्हणाली. "येताना आणू काय गं?"

आरजू फोनजवळ वाकली.

"आणा," ती म्हणाली. "पण लई दिवस लावू नका."