छत्रीवाल्याचा आवाज

"या, या, लवकर या... अशी संधी पुन्हा नाही..." पडद्याआड माईकसमोर ती गाद्यांची जाहिरात म्हणत होती, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी म्हणालं, "आलो."

झालं, रेकॉर्डिंग वाया! ती तणतणत बाहेर आली. दारात एक तरुण उभा, खिशाला टेस्टर खोचलेला, चेहरा भलताच साळसूद.

"तुम्हीच बोलावलंत," तो म्हणाला.

"गाद्या घ्यायला बोलावलं होतं."

"झोप नकोय मला. नगरसेवक व्हायचंय."

तिला हसू आवरेना. वडिलांच्या त्या टीचभर दुकानात ती रिक्षावर वाजणाऱ्या जाहिराती बोलायची. गाद्या, शिकवण्या, हरवलेली कुत्री, काय वाट्टेल ते. उमेदवारही यायचे, पण मागे लटांबर घेऊन. हा पंखे दुरुस्त करणारा एकटाच आला होता.

"घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या, म्हणते मी?"

मग त्यानं सांगितलं. त्याच्या गल्लीतल्या गटारावर झाकणंच नव्हती. अंधारात त्याची आई आत पडली, ती अजून लंगडत होती. खेटे घालून चपला झिजल्या, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी वडील म्हणाले, "राहा उभा, पण एकदाच. पडलास तर हे खूळ सोडायचं आणि मामाच्या कारखान्यात कामाला लागायचं." मामा राहायचा पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

"आणि निवडून आलात तर?"

"तर इथंच... पंखा तुमच्याकडेही आहेच की."

"आमचा चांगला चालतो."

"बिघडवता येतो," तो शांतपणे म्हणाला.

त्याला चिन्ह मिळालं छत्री. रोज संध्याकाळी प्रचाराचा मजकूर सुधारायचं निमित्त काढून तो यायचा, आणि सुधारायचा फक्त एखादा शब्द. "आवाजातली साखर जरा कमी कर," एकदा म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं. "लोकांना वाटेल, लग्नाचं आमंत्रण आहे."

"मग... काय बिघडलं?" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. जाताना त्यानं दाराशी दोनदा वळून बघितलं. ती मोजत नव्हती, तरी कळलं.

मतदान तोंडावर आलं आणि जुने नगरसेवक स्वतः दुकानात आले. त्यांचं चिन्ह शिट्टी. "धंद्याला शत्रू-मित्र नसतो, पोरी," बाबा म्हणाले. मुद्दाम रटाळ बोलायचं असं तिनं पक्कं ठरवलं होतं. पण माईक समोर आला की तिच्या गळ्याला लबाडी जमायची नाही. शिट्टीसाठीही ती तितकंच गोड बोलली.

त्याला सांगताना तिचे डोळे भरले. तो उलट हसला. "वेडी आहेस. त्यांची किती घाबरगुंडी उडालीय बघ. आज गटारावर झाकणं बसली."

खरंच बसली होती. त्याची आई झाकणावर पाय आपटून बघून आली होती.

आणि तो पडला. थोडक्यात पडला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकू दुकानात आल्या. त्याच्यासाठी घरोघर फिरलेल्या त्या. "असा कसा गं पडला? तूच शेवटी सांगितलंस ना, शिट्टीसमोरचं बटण दाबा म्हणून? तुझा आवाज म्हणजे आपल्या छत्रीवाल्याचा आवाज. मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं, अगं, चिन्ह बदललंय आपलं!"

तिच्या पायाखालची जमीन सरकली.

तो संध्याकाळी आला. काकूंनी त्यालाही सांगितलं होतं. "माझ्यामुळे..." ती म्हणाली.

"तुझ्यावर लोकांचा एवढा विश्वास," तो म्हणाला, "मीही तेच बटण दाबलं असतं." मग त्यानं पंख्याकडे बघितलं. "वडिलांना शब्द दिलाय. उद्या दुपारची गाडी आहे."

"उभं राहून काय मिळालं रे तुला?"

"आईला झाकणं मिळाली. मला..." त्यानं टेस्टर खिशाला नीट खोचला. "उद्या सकाळी रिक्षा फिरव. आभार मान लोकांचे. ऐकूनच निघेन."

तिला तोंडावर 'जाऊ नकोस' म्हणवेना. सगळ्या वस्तीला ओरडून सांगणारी पोरगी ती, पण एका माणसासमोर दातखीळ बसली.

सकाळी ती माईकसमोर बसली. "छत्रीला मत देणाऱ्या सर्वांचे आभार... झाकणं बसलीत, आता निर्धास्त चाला..." इथपर्यंत यायचं आणि पुढं हुंदका. पुन्हा सुरुवात, पुन्हा हुंदका. बाबा मुकाट्यानं मशीन मागं घेत राहिले. रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. शेवटी एकदाचं पुढचं वाक्य तिच्या तोंडून नीट आलं. "आणि तू... लवकर परत ये. मी वाट बघतेय." बाबांनी वर बघितलं, पण मशीनवरचं काहीच पुसलं नाही.

रिक्षा सुटली तेव्हा दुपार कलली होती. तिचा आवाज गल्लीगल्लीतून फिरला, बायका दारात आल्या, एकमेकींकडे बघून हसल्या.

काकू हसल्या नाहीत. त्या दुकानात आल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"बॅग घेऊन कोपऱ्यावर उभा होता गं बिचारा," त्या म्हणाल्या. "जिवाचा कान करून. एक गाडी सोडलीसुद्धा त्यानं. मग रिक्षा यायच्या आधीच बाप येऊन घेऊन गेला."

रस्त्यावरून रिक्षा पुन्हा येत होती. लवकर परत ये, ती म्हणत होती.