‘खपली’तलं नववं गाणं

शनिवारी सकाळी दिव्यानी वडशाला नीलाबाईच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा नीलाबाई मिरच्या खुडत होती आणि लच्छू तिला त्या कशा खुडायच्या ते सांगत होता.

नीलाबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली. पुढची तीस वर्षं तिने नवऱ्याच्या नाटक मंडळाचं फाटक सांभाळलं. कोण फुकट घुसणार, ते ती चालीवरून ओळखायची. आता म्हातारपणी लोक हरवल्या-चोरल्याच्या गोष्टी घेऊन तिच्याकडे येत. लच्छू तिचा धाकटा भाऊ, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. प्रत्येक प्रकरणात चोर आधी तोच पकडायचा, आणि हटकून चुकीचा.

"तू ते ‘तडा’वाली ना?" लच्छू उठूनच उभा राहिला. "का रडवलंस बाई तू आमाले! माह्या फोनात दोन साल तेच वाजून राह्यलं."

"बसू दे तिले," नीलाबाई म्हणाली. "बोल पोरी. काय गेलं?"

"गाणं गेलं, मावशी."

कुरखेड्याच्या दिव्यानीचं लग्न विक्कीशी ठरलं होतं. विक्की नाटकातला हिरो. त्याने ऐन वेळी दुसरीचा हात धरला, आणि दिव्यानीने त्या दुःखाची आठ गाणी केली. तो पहिला संच, ‘तडा’, जिल्हाभर वाजला. आता दुसरा संच तयार होता, बरं होण्याच्या गाण्यांचा. नाव ‘खपली’. येत्या शुक्रवारी तो लोकांसमोर यायचा होता.

"नववं गाणं सोमवारी संध्याकाळी गायले," ती म्हणाली. "पयल्यांदा न रडता. बाकीच्या आठांची नक्कल हाय, याची नाई. मंगळवारी सकाळी मी आन रेकॉर्डिंगवाला हेमराज इथी वडशाले आलो. परत गेलो तं खोलीले कुलूप तसंच, चावी रांधणखोलीतल्या खिळ्यावर तशीच, आन हार्ड डिस्क गायब."

"पुन्हा गा मंग," लच्छू म्हणाला.

"चार दिवस तेच करून पायलं, भाऊ. बसते आन पयल्याच ओळीले रडाले येते. एकदाच आलं ते. ते गेलं, तं मी बरी झाले हे माहं मलेच खरं वाटत नाई."

नीलाबाईने मिरचीचं सूप बाजूला सारलं. "शंका कोणावर?"

"शंका काहाची? विक्कीच. मंगळवारी घरी आला होता, आमी नसताना. खिळा त्याले माहीत हाय. आज संध्याकाळी ठाण्यात तक्रार देते."

"मी पायल्याबिगर देऊ नको."

"या मंग जेवायलेच. माही उर्वशीवैनी पाहुण्यासाठी दोन सालांचा जुना तांदूळ राखून ठेवते. नवा भात पाहुण्याच्या ताटात पडू देत नाई ती."

लच्छूने ताबडतोब चपला घातल्या.

विक्की वडशातच सापडला, मंडळाच्या कचेरीसमोर. रात्रीच्या प्रयोगाची मिशी एका बाजूने अजून चिकटलेली.

"चोर!" लच्छू पुटपुटला.

"मी लग्नाची पत्रिका द्यायले गेलतो," विक्की म्हणाला. "आपल्या हातानं द्यावं म्हटलं. तेवढी तरी लाज हाय मले."

"आत गेलास?"

"अंगणातच उभा होतो. उर्वशीवैनी रांधणखोलीच्या दारात होत्या, हलल्या नाईत. पाणी मागतलं, तं तांब्या देताना नजर वर केली नाई. लुगडं गुडघ्यापातुर ओलं. पितळी गुंडातलं पाणी सांडलं म्हणाल्या. मले वाटलं, मले पाहूनच घाबरल्या."

"तू काई एवढा भयंकर नाईस," नीलाबाई म्हणाली. "मिशी काढ, कोंबडा दिसून राह्यलास."

दुपारच्या आत लच्छूची मोटरसायकल कुरखेड्याला पोचली. दिव्यानी आधीच घरी परतली होती. दिव्यानीचं घर कौलारू, अंगणाच्या पलीकडे जुनी धानाची खोली. तीच रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना आडवी लावलेली धानाची पोती, दाराशी पोत्यांचाच आडोसा, बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला घुमू नये म्हणून. मधे टेबल, त्यावर संगणक, कोपऱ्यात पाण्याचा माठ.

हेमराज दारातच बोलायला लागला. "माह्यावर शंका घ्यान तं घ्या. मी तिले सांगतलं होतं, लोकायले रडकी गाणीच पायजेत. बरी झालेली बाई कोण आयकते? पण मंगळवारी दिवसभर मी तिच्यासंगच होतो."

"ते तिनं सांगतलं," नीलाबाई म्हणाली. "माठ कोण भरते?"

"वैनी. रोज सकाळी. आमी गात असलो का पोत्यामांगं चूपचाप उभ्या राह्यतात, मंग जातात."

नीलाबाईने टेबलावरचा हेडफोन उचलला आणि नाकाशी नेला.

"बाई, तो कानाले लावतात," लच्छू म्हणाला.

"माहीत हाय. दिव्यानी, केसाले काय लावतेस?"

"काईच नाई. तेलानं डोकं दुखते माहं."

नीलाबाईने हेडफोन ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून वाकली. टेबलाखालच्या पोत्याच्या तळाला तिने बोट लावलं. सुतळीतून पांढरे कोंब बाहेर डोकावत होते. वरची पोती कोरडी ठणठणीत.

"धान वाया चाल्लं," लच्छू हळहळला.

"वाया नाई चाल्लं," ती म्हणाली. "बोलून राह्यलं."

जेवायला बोलावणं आलं. उर्वशी तिशीतली, डोक्यावर पदर, नजर खाली. केसांना टोरीचं तेल चापून लावलेलं. मोहाच्या बियांच्या तेलाचा तो उग्र वास वरणाच्या फोडणीतूनही कळत होता. दिव्यानीचा भाऊ इसरू तीन वर्षांपूर्वी कामाला तेलंगणात गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. उर्वशी मात्र नणंदेचं घर सांभाळत राहिली. याविषयी त्या घरात कोणी बोलत नसे.

लच्छूने मोठ्या आशेने भातात हात घातला. गोळाच हातात आला. "चिकट हाय जी," तो हिरमुसला.

"नवा हाय," उर्वशी हळूच म्हणाली. "आज तोच रांधला."

दिव्यानीच्या कपाळाला आठी पडली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. नीलाबाईने तो चिकट भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. हात धुतले. मग म्हणाली, "हेमराजले बोलवा. सारे बसा."

लच्छू पुढे सरसावला. "विक्कीच ना, बाई? कुलूप उघडलं, डिस्क घेतली—"

"आन कुलूप लावून चावी खिळ्यावर टांगली? चोर पळते, लच्छू, घर आवरून नाई जात. चावी जागेवर ठेवायची सवय घरच्या माणसाची. आन विक्की रांधणखोलीत जाणार कसा? दारात उर्वशी उभी होती."

"हेमराज मंग!"

"तो दिवसभर वडशाले होता. आता आयका. टेबलाखालचं धान उगवलं. धान भिजल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब काढते, हे तुमाले मी सांगाले पायजे का? आज शनिवार. म्हंजे मंगळवारी टेबलावर पाणी सांडलं. त्याच दिवशी विक्कीनं कोणाचं लुगडं ओलं पायलं?"

उर्वशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हेडफोनले टोरीच्या तेलाचा वास हाय. दिव्यानी तेलच लावत नाई. तं गाणं आयकलं कोणी, ते कळलं. पण डिस्क कुठी गेली, ते मले ताटात कळलं. जी बाई पाहुण्याले नवा भात वाढत नाई, ती आज काऊन वाढून राह्यली? लच्छू, जुन्या तांदळाची कोठी उघड. तळापातुर हात घाल."

लच्छूने हात घातला. खांद्यापर्यंत गेला. वर आला तेव्हा मुठीत फडक्याचं एक गाठोडं होतं, आणि गाठोड्यात डिस्क.

"वैनी?" दिव्यानी एवढंच म्हणाली.

"माठ भराले गेलते," उर्वशी बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबली नाही. "गुंड टेबलावर टेकवला. हेमराजचं बोट कुठी पडते ते रोज पायत होते, तसंच दाबलं. तुह्या गाण्यात ते आलं, ‘तुह्यासाठी उघडं दार, आता वाऱ्यासाठी ठेवते’... अन् मले वाटलं हे माहंच कोणी सांगून राह्यलं. डोळ्याले पदर लावाले गेलते, कोपर लागलं, सारा गुंड त्या डिस्कवर पालथा. फोन भिजला का तांदळात ठेवतात ना? नव्यात ओल राह्यते, म्हणून जुन्यात ठेवली. वाटलं सुकन, मंग गुपचूप ठेवून देईन. तं तू विक्कीचं नाव घेतलं. मंग तोंडच उघडंना माहं."

दिव्यानीने तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं रोज पाहत होती तशी नव्हे. "माहं दुःख जिल्ह्यानं आयकलं," ती हळू म्हणाली. "तुहं मी घरात राहून नाई आयकलं."

हेमराजने डिस्क लावून पाहिली. दिवासुद्धा पेटला नाही. "नागपूरले नेऊन पायता येईल," तो म्हणाला. "पण शुक्रवारच्या आत नाई. आन निघनच असं नाई."

उर्वशीने तोंडावर हात घेतला.

"राहू दे," दिव्यानी म्हणाली. "वैनी, तू चाल माह्यासंग. पोत्यामांगं नाई, समोर बस."

नीलाबाई आणि लच्छू अंगणात थांबले. पोत्यांमधून शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. दोनदा तो मधेच तुटला. दोन्ही वेळा आत कोणीतरी काही बोललं, आणि सूर पुन्हा लागला. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेला.

"रडली का जी ती?" लच्छूने विचारलं.

"रडली. रडतच गायली." नीलाबाईने आपलेही डोळे पुसले. "सोमवारचं चांगलं होतं का आजचं, ते तू सांगू नको. तुले काई समजत नाई."

दार उघडलं. दोघी बाहेर आल्या, उर्वशीच्या कानांवर अजून हेडफोनचे वळ. दिव्यानीने घड्याळाकडे पाहिलंही नाही. ठाण्यात द्यायला लिहून ठेवलेला तक्रारीचा कागद तिने चुलीत घातला.

"पोरी," नीलाबाई उर्वशीला म्हणाली, "कोठीत आता लपवाचं काई राह्यलं नाई ना? मंग रात्री जुना तांदूळ रांध. हा लच्छू दुपारपासून उपाशी असल्यासारखा बसून हाय."

उर्वशी पहिल्यांदा हसली आणि सूप घेऊन आत गेली.