दोन मिनिटांचा फोटो

ही गोष्ट घडली. कुणाला पटवत बसायचं बळ आता माझ्यात नाही.

मार्च १९५९. रेवदंडा.

आमचे मोठे काका महादेव मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे. मुलांना दाखवायला त्यांनी चहाच्या डब्याचा कॅमेरा केला. आतून काजळी, पुढे सुईचं भोक, मागे फिल्मचा तुकडा. भिंग नाहीच. भोकावरची पट्टी दोन मिनिटं काढायची. तेवढ्यात जो हलेल, तो उमटत नाही.

एका संध्याकाळी मास्तरांनी मासळी वाळवायच्या खळ्याचा फोटो काढला. वीसेक बाया वाळलेला जवळा गोळा करत होत्या. फिल्म धुऊन कागदावर छाप काढला. खळं रिकामं. हलत्या बाया पुसल्या गेल्या होत्या.

पण...

मधोमध एक माणूस बसला होता. मांडीवर जाळं.

खळ्यावर पुरुष नव्हताच.

खळ्यावर कामाला येणाऱ्या चंद्राबाईनं फोटो पाहिला नि त्या माणसावर बोट ठेवलं.

"ह्ये आमचंच मानूस हाय, मास्तर."

तिचा नवरा कोंडाजी पाच महिन्यांपूर्वी होडीसकट बुडालेला. प्रेत मिळालं नव्हतं. दीर म्हणे, बांगड्या फोड, दिवस घालू, त्याला गती मिळू दे. ती ऐकत नव्हती.

"त्यांच्या बाजूला माजा बी काढा. परत उमटले तर गेले, न्हाय उमटले तर जित्तं हायत, कळंल तरी."

मास्तरांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पण नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी बसली. ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या.

पट्टी काढली.

वारा पडला. बायांचा गलका थांबला. समुद्रसुद्धा ऐकू येईना...

मग बांगड्या फुटल्याचा आवाज. एक... आणखी एक...

मास्तरांनी दचकून पाहिलं. तिच्या हातातल्या बांगड्या शाबूत होत्या.

घरी छाप काढला. चंद्राबाई स्पष्ट आली होती. कपाळ कोरं. हात रिकामे.

शेजारी कोंडाजी. या खेपेला मांडीवर जाळं नव्हतं...

दोन्ही हात जोडलेले. मास्तरांकडे बघून.

सकाळी ती दारात उभी. मास्तरांना तिचा चेहरा बघवेना.

"फिल्म बिघडली, बाई. कुणीच उमटलं नाही."

"मंग जित्तंच असतील," ती हसली.

तिनं दिवस घालू दिले नाहीत. कुंकू लावतच म्हातारी झाली, कुंकवानिशीच गेली. गाव म्हणालं, भाग्याची.

काका मात्र पुन्हा खळ्याकडे फिरकले नाहीत. शेवटच्या आजारात मला म्हणाले, "ती सुटली रे. तो अजून तिथंच हात जोडून बसलाय. माझ्यामुळे."

परवा रेवदंड्याला गेलो होतो. खळ्यावर बाया काम करत होत्या.

मधली तेवढी जागा सोडून.